शॉक देणारा डॉक्टर

मशीन्स लॅबमध्ये कोणाला शॉक बसला की आपण दोन दिवस त्याच गप्पा मारतो. पण वेळेवर शॉक बसावा म्हणून छातीत सर्किट बसवून घेतलेली माणसं जगात लाखो आहेत! त्या सर्किटला आयसीडी म्हणतात, म्हणजे शरीरात बसवलेला डिफिब्रिलेटर. हृदयाचे खालचे कप्पे कधीकधी धडधडायचे सोडून नुसते थरथरतात. रक्त पुढे जात नाही आणि काही मिनिटांत माणूस संपतो. अशा वेळी आयसीडी आतूनच शॉक देतो. हे ज्यांच्या डोक्यातून निघालं ते डॉ. मिशेल मिरोव्स्की.

त्यांचा जन्म १९२४ साली वॉर्सामध्ये, एका ज्यू घरात झाला. खरं नाव मोर्देकाय फ्रीडमन. १९३९ मध्ये हिटलरचं सैन्य पोलंडमध्ये घुसलं आणि वडिलांनी मुलाचं नाव बदलून मिरोव्स्की केलं. त्याच डिसेंबरात हा मुलगा घर सोडून रशियाच्या बाजूला निघून गेला. वय वर्षं पंधरा. आपण त्या वयात दहावीच्या क्लासला चाललो होतो. युद्ध संपल्यावर तो परतला, तेव्हा घरातलं कोणीही जिवंत नव्हतं.

पुढे डॉक्टरकी केली ती फ्रान्समध्ये, लियॉंला, म्हणजे सगळं फ्रेंचमधून. मराठी मीडियममधून येऊन इथे इंग्लिश लेक्चर्स ऐकणाऱ्यांना याची कल्पना येईल. (माझं कॉन्व्हेंटमुळे उलटं आहे, हा लेख लिहिताना डिक्शनरी शेजारीच उघडी आहे.)

मग इस्रायलमध्ये नोकरी. तिथले त्यांचे सर, प्रोफेसर हॅरी हेलर, यांना १९६६ मध्ये हृदयाच्या ठोक्यांचा त्रास सुरू झाला. हे कधीही जीवावर बेतू शकतं हे मिरोव्स्कींना कळत होतं. पण करायचं काय? डिफिब्रिलेटर म्हणजे तेव्हा हॉस्पिटलमधलं अवजड मशीन. माणसाला जन्मभर त्याच्याशेजारी झोपवून ठेवता येत नाही. हेलर सर घरच्यांबरोबर जेवताना गेले. हे मशीन लहान करून छातीत का बसवू नये, असं मिरोव्स्की ज्याला त्याला विचारू लागले. सगळ्यांचं उत्तर एकच, अशक्य!

१९६८ मध्ये ते अमेरिकेत, बाल्टिमोरच्या सायनाय हॉस्पिटलमध्ये गेले. नोकरीत अर्धा वेळ रिसर्चसाठी होता. तिथे डॉ. मॉर्टन मॉवर भेटले आणि १९६९ पासून दोघांनी कुत्र्यांवर प्रयोग सुरू केले. एका मोठ्या कंपनीने आधी रस दाखवला आणि मग अंग काढून घेतलं. १९७२ मध्ये तर डॉ. बर्नार्ड लाऊन यांनीच लेख लिहून ही कल्पना निकालात काढली. डीसी डिफिब्रिलेटर ज्यांनी आणला तेच हे लाऊन, म्हणजे एक्स्टर्नल एक्झामिनरनेच नापास केल्यासारखं! मला वाटतं आपण असतो तर टॉपिक बदलला असता. मिरोव्स्कींनी बदलला नाही. त्याच वर्षी पिट्सबर्गच्या मेडरॅड या छोट्या कंपनीचे डॉ. स्टीफन हाइलमन त्यांना भेटले आणि इंजिनिअर्स मिळाले.

इथे आपला विषय येतो. शॉक द्यायचा हे सर्किटने ठरवायचं कसं? नॉर्मल ईसीजीचा सिग्नल बराच वेळ शून्य रेषेजवळ असतो, हृदय थरथरत असताना मात्र तो तिथे जवळजवळ टिकतच नाही. म्हणजे सिग्नल शून्याजवळ किती वेळ आहे एवढंच मोजा. एम-थ्रीमध्ये आपण शिव्या घालतो ती प्रोबॅबिलिटी डेन्सिटी ती हीच! मग कपॅसिटर चार्ज करून सुमारे २५ ज्यूलचा शॉक.

१९७५ मध्ये त्यांनी एक फिल्म काढली. कुत्रा उभा आहे, कोसळतो, आतून शॉक बसतो, उठून शेपूट हलवतो. तरी लोक म्हणाले, कुत्र्याला पडायला शिकवलंय! मग पुन्हा फिल्म काढली, या वेळी ईसीजीसकट.

४ फेब्रुवारी १९८० रोजी जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये सर्जन लेव्हाय वॉटकिन्स यांनी ५७ वर्षांच्या एका बाईंना पहिलं यंत्र बसवलं. वजन सुमारे पाव किलो. १९८५ मध्ये अमेरिकन सरकारची मान्यता मिळाली आणि १९८६ पासून मेडिकेअर, म्हणजे तिथला वयस्कर लोकांचा सरकारी विमा, पैसे देऊ लागला. मिरोव्स्की १९९० मध्ये कॅन्सरने गेले.

हे सगळं मी का वाचलं? आमच्या विंगमधला एक सीनियर मेडिकल कोडिंगच्या कंपनीत लागला. अमेरिकन डॉक्टरांच्या कामाला नंबर द्यायचे, त्यावरून बिल निघतं. आयसीडीचं प्रोग्रॅमिंग, म्हणजे किती ठोक्यांना जागं व्हायचं वगैरे सेटिंग, पेशंटसमोर बसून तपासलं आणि लागेल तसं बदललं, तर हृदयात एक वायर असल्यास ९३२८२, दोन असल्यास ९३२८३, जास्त असल्यास ९३२८४. फक्त आतली माहिती वाचली तर ९३२८९. सेटिंगला हात न लावता प्रोग्रॅमिंगचा नंबर टाकायचा नाही. त्याला हे निव्वळ आकडे वाटायचे. पण त्यात पैसा किती आहे बघा. हार्ट अटॅकनंतर ४० दिवस थांबायचा मेडिकेअरचा नियम होता, तो आणि असे नियम मोडून यंत्रं बसवली म्हणून २०१५ मध्ये ४५७ हॉस्पिटल्सना मिळून २५ कोटी डॉलर्सच्या वर भरावे लागले.

१९८० च्या त्या पहिल्या डब्यात मात्र बाहेरून काही बदलायची सोयच नव्हती. जे ठरवायचं ते फॅक्टरीतच ठरायचं. सेटिंग चुकलं तर पुन्हा ऑपरेशन करून डबा बदलायचा.