मजूरमंत्री बाबासाहेबांचा आम्हाला विसर पडलाय का?

संविधानाचे शिल्पकार बाबासाहेब आमच्या प्रत्येक भाषणात असतात. मजूरमंत्री बाबासाहेब मात्र क्वचितच येतात.

परळच्या चाळीत राहून त्यांनी गिरणी कामगारांचे हाल जवळून पाहिले. विणाई खात्यात मजुरी जास्त; पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला मज्जाव होता. १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. संपाचा हक्क आवळणाऱ्या विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबईत एक दिवसाचा संप घडवला.

जुलै १९४२ मध्ये ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. ऑगस्टमध्येच त्यांच्या अध्यक्षतेखाली सरकार, मालक आणि कामगार एकत्र चर्चेला बसले. पुढच्याच वर्षी, मालकांनी कामगार संघटनांना मान्यता द्यावी यासाठी त्यांनी विधेयक मांडले. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला.

या साऱ्यामागे एकच विचार दिसतो: कामगार दयेचा धनी नाही, निर्णयातला भागीदार आहे. त्याच्यावर विश्वास टाका, त्याला विचारा.

आता आम्ही स्वतःकडे पाहू. आमच्या शाळा, पतसंस्था, संघटना यांत शिपायाला, सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्याला कोण विचारतो? मालकाला जाब विचारणारे आम्ही, पद मिळताच मालकासारखे वागत असू, तर जयंतीचा जल्लोष कशासाठी? पुढच्या बैठकीत पहिले बोलणे त्या कार्यकर्त्याचे होऊ द्या.

जय भीम!