कोण होते मेजर रॉबर्ट गिल? अजिंठ्याची चित्रे दोनदा हाती घेणारा चित्रकार

अजिंठा गावातील पारोच्या कबरीमुळे रॉबर्ट गिल आपल्याला प्रेमकथेचे नायक म्हणून माहीत आहेत. ना. धों. महानोरांच्या ‘अजिंठा’ काव्याने आणि २०१२च्या चित्रपटाने ती कथा घरोघरी नेली. चित्रकार गिल मात्र मागेच राहिले.

१८०४मध्ये जन्मलेले गिल मद्रास लष्करात अधिकारी होते. लेण्यांतील रंग झपाट्याने झडत असल्याने ईस्ट इंडिया कंपनीने १८४४मध्ये त्यांना भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमले. गावातील बारादरीत मुक्काम, जवळच वाघांचे जंगल, लेण्यांत अपुरा उजेड. तरीही त्यांनी वर्षानुवर्षे खपून भल्यामोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात ही चित्रे उतरवली. १८५६मध्ये पारो गेली. काम थांबले नाही.

चित्रे लंडनला गेली आणि सिडनहॅमच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये लागली. डिसेंबर १८६६मध्ये तेथे आग लागली. जवळपास सगळे जळाले. वर्षांचा हिशेब एका दिवसात राख!

तेव्हा गिल बासष्ट वर्षांचे होते. मधल्या काळात त्यांनी कॅमेराही हाती घेतला होता. लेण्यांची त्यांची छायाचित्रे १८६४मध्ये पुस्तकरूपाने आली होती. तरीही ते पुन्हा रंग घेऊन लेण्यांत गेले. एप्रिल १८७९मध्ये त्यांचे निधन झाले. कबर भुसावळला आहे. आगीतून वाचलेली त्यांची मोजकी चित्रे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत.