मोटारीची पहिली सारथी : बर्थाबाई बेंझ

भर रस्त्यात चाललेली मोटारगाडी दोनचार आचके देते, इंजिनाचा आवाज खोल जातो आणि गाडी जागच्या जागी उभी राहते, हा प्रसंग भोपाळच्या वाचकांस नवा नाही. श्यामला टेकडीचा चढ असो की नर्मदापुरमच्या वाटेवरील विंध्याचा घाट असो, उन्हाळ्याच्या दिवसांत अशी एखादी गाडी कडेला उभी दिसतेच. मिस्त्री येतो, कान देऊन ऐकतो आणि पुष्कळदा पेट्रोलच्या पंपाकडे बोट दाखवतो. इंजिन शाबूत असते, टाकीत पेट्रोलही असते. परंतु टाकीतले पेट्रोल इंजिनापर्यंत पोचत नाही, एवढाच काय तो रोग. मोटारीच्या पहिल्याच दूरच्या प्रवासात हा रोग उद्भवला होता. त्यावर वाटेतच ज्यांनी उपाय केला, त्या यंत्रविद्येच्या पदवीधर नव्हत्या. चार मुलांच्या आई असलेल्या त्या एकोणचाळीस वर्षांच्या गृहिणी होत्या. त्यांचे नाव बर्था बेंझ.

जर्मनीच्या नैर्ऋत्य भागात बाडेन प्रांतात फोर्ट्सहाईम नावाचे शहर आहे. सोन्याचे दागिने घडवणाऱ्या कारागिरांसाठी ते प्रसिद्ध. तेथे ३ मे १८४९ रोजी बर्था रिंगर हिचा जन्म झाला. वडील सुतारकामाच्या व बांधकामाच्या व्यवसायात चांगले सधन झाले होते. मुलींनी घर सांभाळावे, फार शिकू नये, असा तो काळ. विद्यापीठांची दारे स्त्रियांना बंद होती. तरीही बर्थेला यंत्रांविषयी मोठे कुतूहल होते. वीस वर्षांची असताना एका सहलीत तिची कार्ल बेंझ या तरुण अभियंत्याशी ओळख झाली. आगगाडीचे इंजिन चालवणाऱ्या एका चालकाचा हा मुलगा. वडील तो दोन वर्षांचा असतानाच वारले होते. घोडा न जुंपता रस्त्यावर चालणारी गाडी करावी, हा त्याचा ध्यास होता, आणि जवळ पैसा मुळीच नव्हता. सधन घरच्या मुलीने असा वर निवडावा हे आईबापांना कितपत रुचले असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

कार्लने मानहाईम शहरात एका भागीदारासह कारखाना काढला होता. तो भागीदार बेभरवशाचा निघाला. तेव्हा बर्थेने, अजून लग्न व्हावयाचे होते तरी, आपल्या हुंड्याची रक्कम वडिलांकडून आधीच मागून घेतली आणि कार्लने त्या पैशांनी भागीदाराचा हिस्सा सोडवून घेतला. २० जुलै १८७२ रोजी त्यांचा विवाह झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अविवाहित असताना आपल्या पैशांविषयी तिला जो शब्द होता, तो त्या वेळच्या कायद्याने विवाहित स्त्रीला नव्हता. म्हणजे ज्या कारखान्याला तिच्या पैशांनी जीवदान मिळाले, त्याच्या कागदपत्रांत तिचे नाव येण्याचा मार्ग लग्नाच्या दिवशीच बंद झाला.

पुढची वर्षे ओढगस्तीची गेली. देणेकऱ्यांचा तगादा लागला, कारखान्यातील हत्यारांवर गंडांतर आले. घरात यूजेन, रिखार्ड आणि क्लारा ही मुले झाली होती. १८७९ च्या वर्षअखेरच्या रात्री जेवण झाल्यावर बर्थाबाईंनी पतीला आग्रह करून पुन्हा एकदा कारखान्यात नेले. कितीतरी दिवस गप्प राहिलेले ते नवे इंजिन त्या रात्री सुरू झाले, आणि ते चालत असतानाच शहरातील देवळांच्या घंटा नव्या वर्षाच्या स्वागतासाठी वाजू लागल्या. ही हकीगत कार्ल बेंझ यांनी पुढे १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. मला तीत घंटांपेक्षा दुसरेच काही अधिक मोलाचे वाटते. बर्थाबाई दिवा धरून बाजूला उभ्या राहणाऱ्यांपैकी नव्हत्या. इंजिन का चालते आणि का चालत नाही, हे त्या वर्षानुवर्षे डोळ्यांनी पाहत आणि हातांनी शिकत होत्या. पुढील प्रवासात हीच शिदोरी कामी आली.

२९ जानेवारी १८८६ या तारखेचे पेटंट कार्ल बेंझ यांच्या तीन चाकी मोटारगाडीला मिळाले. एकच सिलिंडर, एक अश्वशक्तीहूनही कमी जोर, आणि वेग ताशी सुमारे १६ किलोमीटर. त्याच वर्षी जुलै महिन्यात मानहाईमच्या रस्त्यावर ती लोकांसमोर धावली. इंधन मध्येच संपले तर भरता यावे म्हणून थोरला यूजेन बाटली घेऊन गाडीबरोबर पळत होता! लोकांनी पाहिले, हसले आणि घरी गेले. गाडी कोणी विकत घेईना. कार्ल बेंझ स्वभावाने अत्यंत काटेकोर. अजून हे सुधारावयाचे आहे, ते सुधारावयाचे आहे, म्हणून गाडी शहराबाहेर नेण्यास ते तयार नसत. हुंडा गेला होता, वर्षे गेली होती, आणि गाडी मात्र कारखान्याच्या आवारात उभी होती. दूरवर जाऊन दाखविल्याशिवाय या यंत्रावर कोणी विश्वास ठेवणार नाही, हे बर्थाबाईंनी ओळखले.

१८८८ सालचा ऑगस्ट महिना होता. शाळांना सुट्टी होती. एके दिवशी पहाटे कार्ल झोपेत असताना बर्थाबाईंनी पंधरा वर्षांचा यूजेन आणि त्याच्याहून सव्वा-दीड वर्षाने लहान रिखार्ड यांना सोबत घेतले, आवाज होऊ नये म्हणून गाडी ढकलतच बाहेर काढली आणि माहेरची, म्हणजे फोर्ट्सहाईमची वाट धरली. अंतर सुमारे १०६ किलोमीटर. भोपाळहून निघून इटारसीच्याही पुढे जावे, इतके हे अंतर होते. त्यापूर्वी कोणीही मोटारगाडीने एवढा प्रवास केलेला नव्हता. रस्ते घोडागाड्यांचे, धुळीचे आणि चाकोऱ्यांचे होते.

गाडीत इंधनाचा साठा सुमारे साडेचार लिटरच मावे. ते इंधन म्हणजे लिग्रोइन नावाचा पेट्रोलसारखाच एक द्रव. कपड्यांवरील डाग काढण्यासाठी तो औषधांच्या दुकानात मिळत असे. वीसलोख गावी पोचेपर्यंत साठा सरत आला, तेव्हा बर्थाबाईंनी तेथील औषधविक्रेते विली ओकेल यांच्या दुकानातून तो विकत घेतला. जगातील पहिला पेट्रोलपंप आमच्या गावचा, असे वीसलोखकर आजही अभिमानाने सांगतात. पाण्याचा त्रास तर याहून मोठा. इंजिन थंड ठेवणारे पाणी वाफ होऊन उडून जाई, त्यामुळे विहीर, खाणावळ, ओहोळ, जेथे मिळेल तेथे थांबून पाणी भरावे लागे.

अशा वाटचालीत इंजिन थांबले. इंधनाच्या नळीत कचरा अडकला होता. बर्थाबाईंनी टोपी केसांत बसवण्याची लांब टाचणी काढली, तिने नळी मोकळी केली, आणि इंजिन पुन्हा धडधडू लागले. आणखी एकदा ठिणगीच्या यंत्रणेत बिघाड झाला. तेव्हा त्यांनी पायमोजा घट्ट धरून ठेवणारा आपला बंद सोडून तो विद्युत्‌रोधक म्हणून वापरला. टाचणी आणि मोज्याचा बंद या गोष्टी ऐकून लोक गमतीने हसतात, आणि पुष्कळ लेखकांनी हा भाग विनोदासारखा रंगवला आहे. परंतु जरा थांबून पाहावे. इंजिनाला मुख्यतः दोन गोष्टी वेळेवर लागतात, इंधन आणि ठिणगी. दोहोंपैकी कोणतीही चुकली तरी बाहेरून दिसते ते एकच, गाडी उभी राहिली! मग रोग कोणता हे कसे ओळखावे? साधारणपणे ठिणगी गेली तर इंजिन दिवा मालवल्यासारखे चट्‌दिशी बंद पडते. इंधन अडले तर ते आधी आचके देते, चढावर जोर सोडते आणि मग थांबते. बर्थाबाईंनी एकदा नळीत टाचणी घातली आणि एकदा तारेकडे बंद नेला. टाचणी तारेकडे आणि बंद नळीकडे गेला नाही, यातच त्यांचे ज्ञान दिसते. धैर्य तर त्यांच्या अंगी होतेच, पण नुसत्या धैर्याने नळी साफ होत नाही.

त्यांच्या गाडीला पेट्रोलचा पंप नव्हता, हेही येथे सांगितले पाहिजे. पुढे पुष्कळ वर्षे टाकी उंचावर ठेवून पेट्रोल आपल्या वजनानेच इंजिनाकडे वाहू देत. १९०८ साली निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टी गाडीत टाकी बसण्याच्या जागेखाली होती. तीव्र चढावर टाकी इंजिनापेक्षा खाली जाई आणि इंजिन उपाशी राही, म्हणून चालक चक्क गाडी वळवून उलटी चढवीत. आमच्या गोव्याकडच्या चोर्ला घाटात अशी उलटी चढणारी गाडी कशी दिसली असती, हा विचार माझ्या मनात नेहमी येतो. नंतर इंजिनाच्याच बळावर हलणारा, आत रबरी कापडाचा पडदा असलेला पंप आला. आपल्याकडच्या अँबॅसडर व प्रीमियर पद्मिनी गाड्यांत तोच होता. तो पडदा फाटला की पंप निकामी होई. आणि मे महिन्याच्या उन्हात नळीतल्या पेट्रोलची वाफ झाली, तर पंप धड असूनही पेट्रोल पुढे सरकेना. मग चालक पंपावर ओले फडके गुंडाळून झाडाखाली स्वस्थ बसत. आजचा विजेचा पंप टाकीच्या आत, पेट्रोलमध्ये बुडालेला असतो आणि त्या पेट्रोलनेच थंड राहतो. म्हणून टाकी नेहमी तळाला नेणाऱ्याचा पंप लवकर तापतो. चालत्या गाडीचे इंजिन बंद पडले तर सुकाणू आणि ब्रेक एकदम जड होतात, पण ते नाहीसे झालेले नसतात. घाबरून न जाता जोर लावून गाडी डाव्या कडेला घ्यावी आणि इशाऱ्याचे दिवे लावावेत, हे घरोघरी माहीत असलेले बरे.

आता पुन्हा बाडेनच्या रस्त्यावर जाऊ. ब्रुखझाल येथे सैल झालेली साखळी लोहाराकडून नीट करून घ्यावी लागली. चढ आला की गाडीचा जीव थोडा पडे. मग एकाने सुकाणू धरावयाचे आणि दोघांनी मागून रेटावयाचे. उताराची तर याहून भीती, कारण लाकडी ब्रेक झिजत चालले होते. बाऊश्लॉट गावच्या मोच्याकडून त्यांवर चामड्याचे तुकडे बसवून घेण्यात आले. मोटारीच्या ब्रेकला अस्तर लावण्याची कल्पना अशी निघाली, आणि ती बर्थाबाईंची. दिवस मावळल्यावर तिघे धुळीने माखून फोर्ट्सहाईमला पोचले. बर्थाबाईंनी पतीला तार करून सुखरूप पोचल्याचे कळविले. काही दिवस माहेरी राहून त्या त्याच गाडीने, पण दुसऱ्या वाटेने, मानहाईमला परतल्या.

कार्ल बेंझ यांना राग आला की अभिमान वाटला, याची चर्चा पुष्कळ होते. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांनी पुढे काय केले हे. गाडी कोठे कोठे अडली याचा पाढा पत्नीने व मुलांनी वाचला आणि त्यांनी तो ऐकला. चढासाठी आणखी एक गिअर बसविण्यात आला. त्याच वर्षी म्युनिकच्या प्रदर्शनात गाडीला सुवर्णपदक मिळाले. गिऱ्हाइके मात्र हळूहळूच आली. परंतु १८९९ साली बेंझ कारखान्याने एका वर्षात ५७२ गाड्या तयार केल्या, आणि तेव्हा तो जगातील सर्वांत मोठा मोटार कारखाना होता.

उत्तरायुष्य लाडेनबुर्ग या लहानशा गावी गेले. तेथे कार्ल यांनी १९०६ साली मुलाबरोबर निराळा कारखाना काढला. १९२६ साली जुना बेंझ कारखाना डाइमलर कारखान्याशी एक झाला. ४ एप्रिल १९२९ रोजी कार्ल वारले. बर्थाबाई त्यानंतर पंधरा वर्षे जगल्या. दोन महायुद्धे त्यांनी पाहिली, आणि ज्या यंत्राला त्यांनी घाटावर ढकलले होते, ते रणगाड्यांतही बसलेले पाहिले. ३ मे १९४४ रोजी त्यांना ९५ वर्षे पूर्ण झाली. त्या दिवशी कार्ल ज्या संस्थेत शिकले होते, त्या कार्ल्सरूहच्या तंत्रविद्यापीठाने त्यांना आपल्या मानद सिनेटरचे पद दिले. दोनच दिवसांनी, ५ मे रोजी, लाडेनबुर्गच्या घरी त्यांचे निधन झाले.

२००८ सालापासून मानहाईम ते फोर्ट्सहाईम या जाण्यायेण्याच्या वाटेला त्यांचे नाव अधिकृतपणे देण्यात आले असून ती ओळखता यावी म्हणून वाटेत पाट्या लावलेल्या आहेत. वीसलोखला औषधाचे ते दुकान आहे, आणि त्याच्यासमोर त्या प्रवासाचे स्मारक उभे आहे.