जुना प्रोजेक्टर खोलला आणि कोल्हापूरच्या पेंटरने त्यातून सिनेमाचा कॅमेरा घडवला

शिराळ्याहून वारणा ओलांडली की कोल्हापूर जिल्हा लागतो. याच कोल्हापुरात शंभर वर्षांपूर्वी दोन चित्रकार भावांनी ठरवलं, सिनेमाचा कॅमेरा परदेशातून आणायचा नाही, तो इथंच बनवायचा.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० चा. घरातच कारागिरी होती. बाबूराव आणि त्यांचे चुलत भाऊ आनंदराव नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. त्यातूनच मेस्त्री आडनाव मागे पडलं आणि दोघेही 'पेंटर' झाले.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळकेंचा 'राजा हरिश्चंद्र' आला आणि या भावांना सिनेमाचं वेड लागलं. त्यांनी मुंबईहून एक जुना प्रोजेक्टर आणला. आधी लोकांना सिनेमे दाखवले आणि सोबत यंत्राचा अभ्यास सुरू केला.

आता प्रश्न पडेल, प्रोजेक्टरवरून कॅमेरा कसा समजणार?

तर दोन्हीच्या पोटातलं मूळ काम एकच. फिल्म सरळ धावत नाही. ती एक चौकट सरकते, क्षणभर थांबते, पुन्हा सरकते. सरकताना झडप बंद राहते. प्रोजेक्टरमध्ये प्रकाश आतून बाहेर जातो, कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. पण कॅमेऱ्याची पेटी पूर्ण अंधारी लागते आणि फिल्म प्रत्येक वेळी अचूक जागी थांबावी लागते. ३५ मिलिमीटर फिल्मवर एका चौकटीला कडेची चार भोकं असतात. त्यात जरा चूक झाली की पडद्यावर चित्र थरथरतं. तेव्हा मोटर नव्हती. सेकंदाला साधारण १६ चौकटी याव्यात म्हणून हँडल एका लयीत हातानेच फिरवायचं.

काम अर्धवट असतानाच १९१६ मध्ये आनंदराव गेले.

बाबूरावांनी मात्र ते सोडलं नाही. शिष्य विष्णुपंत दामले यांना सोबत घेऊन १९१८ मध्ये त्यांनी चालणारा कॅमेरा उभा केला. तानीबाई कागलकर यांनी पैसा दिला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी सुरू झाली.

१९२० मध्ये 'सैरंध्री' पुण्यात झळकला. स्त्रियांच्या भूमिका पुरुषांनी करायच्या त्या काळात यात गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियाच पडद्यावर आल्या. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. पुढे १९२५ मध्ये 'सावकारी पाश' मधून त्यांनी जमीन गमावलेल्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. त्यात तरुण शेतकरी झाले होते व्ही. शांताराम.

शांताराम, दामले, फत्तेलाल याच कंपनीत घडले. त्यांनी १९२९ मध्ये 'प्रभात' काढली. बाबूरावांची कंपनी त्यानंतर फार टिकली नाही. ते पुन्हा चित्र आणि शिल्पाकडे वळले. १६ जानेवारी १९५४ रोजी त्यांचं निधन झालं.

आज कोल्हापुरात खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ उभा आहे. तिथून जाताना बाबूरावांसोबत आनंदरावांचीही आठवण काढायला हवी. कॅमेऱ्याचं स्वप्न दोघांनी पाहिलं होतं, तो चालताना बघणं एकाच्याच नशिबी आलं.