नगरच्या किल्ल्यातला पहाटेचा चहा : मौलाना आझाद यांची शुक्रगुजारी

नेमत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे मोठ्या गोष्टी येतात. घर झालं, मुलाला नोकरी लागली, आजार बरा झाला, की आपण अल्लाहचे आभार मानतो. आणि ते रास्तच आहे. पण दिवसभराच्या धावपळीत मिळालेली दहा मिनिटांची उसंत, फजरच्या आधीची शांतता, हातातला गरम कप, यांची गणती आपण नेमतीत करतो का? या बाबतीत मौलाना अबुल कलाम आझाद यांच्या आयुष्यातून बरंच शिकण्यासारखं आहे. तेही त्यांच्या सत्तेच्या दिवसांतून नव्हे, तर तुरुंगाच्या दिवसांतून.

मौलानांचा जन्म 11 नोव्हेंबर 1888 रोजी मक्का शहरात झाला. वडील मौलाना खैरुद्दीन मोठे आलिम होते, आई अरब घराण्यातली. लहानपणीच कुटुंब कलकत्त्याला आलं. 1912 मध्ये मौलानांनी ‘अल-हिलाल’ हे उर्दू साप्ताहिक सुरू केलं आणि इंग्रज सरकारच्या डोळ्यांत ते खुपू लागले. मग रांचीची नजरकैद आणि पुढे अनेक तुरुंगवास झाले.

ऑगस्ट 1942 मध्ये ते काँग्रेसचे अध्यक्ष होते. मुंबईला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि 9 ऑगस्टला पहाटेच त्यांना अटक झाली. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, शंकरराव देव यांच्यासोबत त्यांना रेल्वेने अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) आणून किल्ल्यात ठेवलं. हाच तो किल्ला, जो चांदबीबीने मोगलांपासून लढवला होता.

इथे मौलानांनी आपले दोस्त मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उद्देशून पत्रं लिहिली. पाठवायची सोय नव्हती, म्हणून ती जवळच राहिली. 1946 मध्ये ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने ती छापली गेली. त्यात एक मजेशीर हिशेब आहे. आयुष्याचा साधारण सातवा हिस्सा आपण कैदेत काढला, असं त्यांच्या लक्षात आलं. आठवड्यातला सातवा दिवस सुट्टीचा असतो, तसा हा आपल्या वाट्याचा सब्त, अशी त्यांनी त्याची सांगड घातली. जे इतरांना शिक्षा वाटलं असतं, त्याला त्यांनी हसतहसत सुट्टी म्हटलं!

आणि ही सुट्टी ते कशी घालवत? पहाटे तीन-चारच्या सुमारास उठत. बाकीचे साथी झोपेत. मौलाना स्वतःच्या हाताने चहा करत. मोगऱ्याच्या वासाचा चिनी चहा, दूध न घालता. लहान फिंजानमधून एकेक घोट घेत ते लिहायला बसत. चहात दूध घालणाऱ्यांची त्यांनी यथेच्छ थट्टाही केलीय, त्यामुळे आपल्यापैकी बहुतेकांचा नंबर त्यात लागतो, काय करणार!

खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. काड्या आणि कचरा सारखा खाली पडे. आधी छत्री, मग बांबू घेऊन मौलानांनी त्यांना हुसकलं. चिमण्या पुन्हा हजर. शेवटी मौलानांनीच हार मानली आणि तांदळाचे दाणे टाकायला लागले. काही दिवसांत चिमण्या थेट तळहातावर येऊन दाणे टिपू लागल्या. त्यांना त्यांनी नावंही ठेवली, मोती, कलंदर, मुल्ला. ओसाड अंगण खणून या कैद्यांनी तिथे फुलझाडंही लावली. सूर्य रोज तुरुंगावरही उगवतो, चांदणं कैद्याला वगळत नाही. मग माणसानेच तोंड पाडून का बसावं, हा त्यांचा विचार त्या पत्रांत दिसतो. आपण आनंदी राहणं हे सोबतच्यांचंही देणं आहे, असं ते मानत.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, त्यांना दुःख नसेल म्हणून जमलं. तसं मुळीच नाही. बेगम जुलेखा कलकत्त्याला आजारी होत्या. निरोपाच्या वेळी त्या खुदा हाफिजपलीकडे काही बोलल्या नव्हत्या. आजार वाढल्याच्या बातम्या येऊ लागल्या, तरी ज्या सरकारने डांबलं त्याच्याकडे सवलत मागायला मौलाना तयार झाले नाहीत. 9 एप्रिल 1943 रोजी बेगम वारल्या. त्याआधीच्या दिवसांतही त्यांनी आपली दिनचर्या मोडू दिली नव्हती. पण ते शांत दिसणं आतून किती जड होतं, हेही त्यांनी पत्रात लपवलं नाही. किल्ल्याच्या आवारात एक जुनी कबर होती. रोज दिसणारी ती कबर त्या दिवसापासून त्यांना वेगळीच, आपली वाटू लागली. काही महिन्यांतच त्यांच्या बहीण आबरू बेगमही गेल्या.

त्यांच्या ‘तर्जुमानुल कुरआन’मध्ये सूरह फातिहाची सविस्तर तफसीर आहे. त्यात हम्द म्हणजे सौंदर्य आणि भलाई पाहून मनातून निघालेली तारीफ, असा अर्थ ते उलगडतात. म्हणजे तारीफ करायची तर आधी बघावं लागतं. ज्याला पाखराचा आवाज ऐकूच येत नाही, तो अलहम्दुलिल्लाह म्हणेल, पण फक्त जिभेने. कुरआनने झोपेला विश्रांती आणि रात्रीला पांघरूण म्हटलंय. मग विसावा हा वाया गेलेला वेळ कसा असेल? तीही एक निशाणीच आहे.

जून 1945 मध्ये मौलाना सुटले. पुढे ते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री झाले आणि 22 फेब्रुवारी 1958 रोजी दिल्लीत अल्लाहला प्यारे झाले. जामा मशिदीजवळ त्यांची कबर आहे.

वाचकहो, आपल्याकडे किल्ल्याची भिंत नाही, दारावर पहारा नाही. तरी चहा पिताना आपला एक हात मोबाईलवर असतो. उद्या फजरनंतर पाच मिनिटं तो बाजूला ठेवून बघा. खिडकीत एखादी चिमणी आली तर चार दाणे टाका. आणि मग जे अलहम्दुलिल्लाह निघेल, ते मनापासून निघेल. अल्लाह आपल्याला विसाव्याच्या क्षणांची कदर करण्याची तौफीक देवो. आमीन.