विक्रम साराभाई
विक्रम अंबालाल साराभाई (१२ ऑगस्ट, १९१९:अहमदाबाद – ३० डिसेंबर, १९७१:कोवलम, केरळ) हे भारतीय भौतिकशास्त्रज्ञ होते. उपग्रहाद्वारे खेड्यापाड्यांत शिक्षण व आरोग्याची माहिती पोहोचवावी, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्या पुढाकाराने १९६९ मध्ये भारताने नासाशी करार केला. त्यानुसार १ ऑगस्ट, १९७५ पासून वर्षभर सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत 'साइट' हा दूरचित्रवाणी प्रयोग झाला. सकाळी शाळकरी मुलांसाठी, तर संध्याकाळी आरोग्य, पोषण, कुटुंबनियोजन व शेतीविषयक कार्यक्रम दाखवले जात. प्रयोगात महाराष्ट्र नव्हता. मात्र धाराशिव जिल्ह्यालगतच्या गुलबर्गा (कलबुर्गी) जिल्ह्याचा समावेश होता. प्रयोग सुरू होण्यापूर्वी साडेतीन वर्षे साराभाईंचे निधन झाले होते. मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम बनवणारी 'बालचित्रवाणी' पुण्यात १९८४ मध्ये स्थापन झाली.