करेन शेतकऱ्यांच्या हातून सागवन उभे करणारे ब्रँडिस

जंगल वाढवायचं तर आधी शेतकऱ्याला तिथून बाहेर काढा, असं सरकारदरबारी फार वर्षं मानलं गेलं. शेतकऱ्यालाही वाटत राहिलं, की झाड आलं म्हणजे जमीन हातची गेली. हे दोन्ही समज खोटे ठरवणारा प्रयोग दीडशे वर्षांपूर्वी ब्रह्मदेशात झाला. तो करणारे डिट्रिख ब्रँडिस हे पुढे भारताच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले. वनशास्त्राच्या पुस्तकात त्यांचं नाव पहिल्या पानावर असतं, पण शेतकऱ्यांपर्यंत ते फारसं आलेलं नाही.

ब्रँडिस यांचा जन्म ३१ मार्च १८२४ रोजी जर्मनीतल्या बॉन गावी झाला. वनस्पतिशास्त्र शिकून ते तिथेच विद्यापीठात शिकवू लागले. त्यांच्या पत्नी बंगालमधल्या सेरामपूरचे मिशनरी जोशुआ मार्शमन यांच्या कन्या. या नात्यातून त्यांचं नाव गव्हर्नर जनरल डलहौसी यांच्या कानावर गेलं. इंग्रजांनी १८५२ मध्ये ब्रह्मदेशातला पेगू प्रांत जिंकला होता. तिथला साग जहाजबांधणीला फार मोलाचा. व्यापाऱ्यांची तोड बेसुमार चालली होती. तिला आवर घालण्यासाठी १८५६ च्या जानेवारीत ब्रँडिस पेगूत रुजू झाले.

आधी मोजणी, मग तोड

किती झाडं आहेत हेच कोणाला ठाऊक नव्हतं. ब्रँडिस हत्तीवर बसून जंगलातून सरळ रेषेत जात. दोन्ही बाजूंच्या सागाचे घेराप्रमाणे चार वर्ग पाडत आणि प्रत्येक झाडामागे बांबूच्या तुकड्यावर चाकूने एक खाच करत. एका मोठ्या झाडाच्या जागी दुसरं तयार व्हायला किती वर्षं लागतात, याचा त्यांनी हिशेब मांडला. तेवढीच तोड दरवर्षी करायची, असा नियम घातला. म्हणजे मुद्दलाला हात न लावता व्याजावर भागवायचं. व्यापाऱ्यांनी कडाडून विरोध केला, पण ते हटले नाहीत.

टौंग्या पद्धत

तोड आवरून भागणार नव्हतं, नवीन लागवडही हवी होती. डोंगरात करेन जमातीची फिरती शेती चाले. आपल्याकडची कुमरी म्हणा ना. बांबू तोडायचा, वाळला की जाळायचा, राखेत भात पेरायचा आणि एकदोन वर्षांनी जागा बदलायची. अधिकाऱ्यांच्या लेखी हे लोक म्हणजे जंगलाचे वैरी. त्यांच्यावर खटले भरले जात. ब्रँडिस यांनी मात्र वेगळा विचार केला. जमीन हे लोक साफ करतातच, निंदणीही करतात. मग त्याच भातात सागाच्या ओळी का लावू नयेत?

ही पद्धत टौंग्या म्हणून ओळखली जाते. ब्रह्मी भाषेत टौंग म्हणजे डोंगर आणि या म्हणजे शेत. राब भाजून नाचणी, वरी घेणाऱ्या आपल्या डोंगरी शेतकऱ्याला तिचं मर्म लगेच कळेल. भाजलेल्या जमिनीत तण कमी येतं आणि राखेचं खत मिळतं. सागाला सावली सोसत नाही. सुरुवातीची दोनतीन वर्षं तण राहिलं तर रोप दबून जातं. भातासाठी केलेली निंदणी इथे सागाच्याही कामी येते, वेगळी मजुरी पडत नाही. साग वाढून सावली धरू लागला, की कुटुंबाने पुढच्या जागी जायचं. दोन दशकांत या रीतीने अगदी कमी खर्चात सागाची वनं उभी राहिली. पुढे ती बंगालात, केरळात आणि आफ्रिकेतही पोचली.

भारतातलं काम

१८६२ मध्ये ब्रँडिस यांना भारतात बोलावलं. १८६४ मध्ये ते पहिले वन महानिरीक्षक झाले. रेल्वेच्या स्लीपरांसाठी साग, साल, देवदार यांची कत्तल सुरू होती. त्यांच्या काळात १८६५ आणि १८७८ चे वनकायदे झाले, आणि डेहराडूनची वनशाळाही १८७८ चीच. देशभर फिरताना त्यांनी देवरायांची नोंद घेतली. लोकांनी श्रद्धेने राखलेलं जंगल टिकतं, हे त्यांनी पाहिलं. म्हणून सरकारी जंगलाबरोबर गावाच्या ताब्यातलं जंगलही असावं, असा त्यांचा आग्रह होता.

१८७८ च्या कायद्यात ग्रामवनाचं कलम आलं, पण ते बहुतेक कागदावरच राहिलं. सगळं रान सरकारचं म्हणणाऱ्यांची सरशी झाली. ब्रँडिस १८८३ मध्ये निवृत्त झाले. त्याच वर्षी महात्मा जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला. गुरांची चराईची रानं वनखात्याने बंद केल्यामुळे शेतकरी कसा नाडला गेला, हे त्यात सांगितलं आहे. ब्रँडिस यांच्या खात्याचं गावातलं रूप असं होतं. चांगला हेतू आणि कडक कायदा यांची गाठ पडली, की कायदाच उरतो.

टौंग्यातही उणीव होतीच. साग शेतकऱ्याने वाढवला, पण त्याच्यावर मालकी सरकारची. झाड मोठं झालं की लावणारा बाहेर. शिवाय एकट्या सागाचं रान म्हणजे मिश्र जंगल नव्हे. पुढे अनेक ठिकाणी ही पद्धत स्वस्तात मजूर मिळवण्याची युक्ती होऊन बसली.

ब्रँडिस शेवटपर्यंत अभ्यासात राहिले. भारतातल्या झाडांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९०६ मध्ये निघाला. २८ मे १९०७ रोजी बॉन इथे त्यांचं निधन झालं.

आपण काय घ्यावं?

पहिली दोनतीन वर्षं झाडाच्या ओळींमध्ये भुईमूग, उडीद, मूग यांसारखं बुटकं पीक घ्या. निंदणीचा खर्च पीक सोसतं आणि रोपही जगतं. साग एकटा लावू नका. बांधावर आंबा, चिंच, करंज, बांबू मिसळा. लावलेल्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत करा. साग तोडायला १९६४ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, तेव्हा झाड आपलं असल्याचा कागद हाताशी हवा.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनीही एक लक्षात घ्यावं. गावाला जंगलावर हक्क असावा, हा ब्रँडिस यांचा आग्रह २००६ च्या वनहक्क कायद्याने बराचसा मान्य केला. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. झाडाचा वाटा लावणाऱ्याला मिळेल अशी लेखी तजवीज ग्रामसभेने आधी करावी, खड्डे मग खणावेत.